एकोणीस नंबरची प्रवेशिका

हेडफोनमधून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सुरगाण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे," आणि निकिताचा माउसवरचा हात जागच्या जागी थबकला. तिनं हेडफोन गळ्यात ओढला. दुपारचे साडेतीन वाजले होते. इंदिरानगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं, खाली पार्किंगमध्ये कोणीतरी बादलीनं पाणी ओतत स्कूटर धूत होतं. आणि मग तोच आवाज, तितकाच सावकाश, शेवटच्या अक्षरावर तसाच किंचित वर चढणारा, स्वयंपाकघरातून आला, "निकिता, चहा टाकतेय गं. तू घेणार ना?"

तिनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवला, खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि ती गाडी येईपर्यंत श्वास रोखून बसली. लाल रंगाचा एक लांबट चौकोन डावीकडून आला, चार नंबरच्या खाचेत शिरताना शेजारच्या गाडीच्या अंगातून आरपार गेला, आणि आवाज पुन्हा म्हणाला, सुरगाण्याकडे जाणारी गाडी. त्यातला 'ण्या' जरासा लांबवलेला, जणू त्या अक्षरावरच ड्रायव्हरनं ब्रेक दाबायचा असतो. शंकेला जागाच नव्हती. वयाच्या सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत हा आवाज तिनं, मधले काही महिने सोडले तर, रोज संध्याकाळी ऐकला होता, भोंग्यातून, गाड्यांच्या धुरातून, शेंगदाणेवाल्याच्या ओरडण्यातून. हा खेळ आईनं केला होता. तिच्या आईनं, उज्वला बोरस्तेनं, जी दोन वर्षांपूर्वी बसस्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या कंट्रोलरच्या नोकरीतून निवृत्त झाली होती आणि दुपारची जेवणं उरकली की निकिताचा जुना लॅपटॉप घेऊन आपल्या खोलीत जायची. पाककृतींचे व्हिडिओ बघत असेल, असं निकितानं स्वतःशी ठरवून टाकलं होतं आणि त्यापुढे एकदाही विचार केला नव्हता. आधी तिला आनंदच झाला. मग आठवलं की सकाळी अकरा वाजता या खेळाबद्दलचे बावीस मुद्दे लिहून तिनं इमरानला पाठवले होते.

इमरान तिचा जुना सहकारी. पुण्याच्या कंपनीसाठी दोघंही घरी बसून मोबाइलवरचे गेम तपासायचे. गेम बाजारात जायच्या आधी तो शंभर वेळा खेळायचा आणि त्यातली प्रत्येक चूक शोधून लिहायची, हेच काम. इमराननं ती नोकरी सोडली आणि यंदा नाशिकमधल्या हौशी लोकांनी बनवलेल्या खेळांचा एक मेळा भरवायचं डोक्यात घेतलं. सव्वीस जणांनी खेळ पाठवले. तपासायला तिघं. नावं झाकलेली, फक्त नंबर. आपापले मुद्दे आणि गुण इमरानकडे द्यायचे, तो मुद्दे बनवणाऱ्याला पाठवणार, आणि शनिवारपर्यंत हवी ती दुरुस्ती करून रविवारी खेळ लोकांपुढे मांडायचा. निकिताची जुनी सवय अशी की कुठलाही खेळ आधी आवाज बंद करून खेळायचा, कारण चांगलं संगीत लावलं की वाईट खेळही खपून जातो. एकोणीस नंबरचा खेळ तिनं दोन दिवस असाच, मुका, खेळला होता. एक बसस्टँड, आठ फलाट, येणाऱ्या गाड्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची ते ठरवायचं आणि घोषणेचं बटण दाबायचं, की ठिपक्याएवढे प्रवासी त्या फलाटाकडे चालू लागतात. एवढंच. बटणं नखाएवढी. हिरव्या पाटीवर लाल अक्षरं, वाचताना डोळ्यांत पाणी यावं अशी. सुरुवातीला काय करायचं याची एक ओळ नाही. गाड्या एकमेकींतून जातात. गुण उण्यात जातात तरी खेळ चालूच. तिनं सगळं नोंदवलं, आणि शेवटी जरा चेव येऊन, कॉफीचा दुसरा कप हातात असताना, बाविसावा मुद्दा लिहिला. तो आठवला तेव्हा तिचे कान गरम झाले. आवाजाचा रकाना तेवढा मोकळा राहिला होता, तो भरायला म्हणून तिनं आता खेळ पुन्हा उघडला होता.

तिनं इमरानला फोन लावला. "एकोणीस नंबरचे मुद्दे पाठवलेस का पुढे?"

"कधीच. साडेअकराला," इमरान म्हणाला. "का गं? काही राहिलं का?"

"नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. साडेअकरा. म्हणजे त्यानंतर आईनं कुकर लावला होता, तिला जेवायला वाढलं होतं, मेथीची भाजी घे अजून थोडी असं म्हणाली होती. निकितानं तो जेवणाचा अर्धा तास मनात पुन्हा चालवून पाहिला, टेस्टरच्या नजरेनं, एकेक हालचाल तपासत. आईच्या चेहऱ्यावर काही होतं का? ती काय बोलली? गॅसवाल्याबद्दल. बाबांच्या फोनबद्दल, सायखेड्याच्या शेतात द्राक्षाची छाटणी सुरू झाली म्हणून ते या शनिवारी येणार नव्हते. आणि एकदा मध्येच, ताटावरून मान न उचलता, "तुमच्या ऑफिसात एखादा खेळ वाईट निघाला तर तो टाकून देतात का गं?" असं विचारलं होतं. निकिता म्हणाली होती, "बहुतेक वेळा." भात कालवता कालवता, फोनकडे बघत. बहुतेक वेळा!

आई चहाचे दोन कप घेऊन दारात उभी राहिली तेव्हा तिच्या काखेत दोनशे पानी वही होती. कप टेबलावर ठेवून ती पलंगावर बसली, चष्मा लावला, वही उघडली. निकिताच्या गळ्यातल्या हेडफोनमधून बारीक आवाजात फलाट क्रमांक सहा, फलाट क्रमांक सहा असं चालूच होतं. दोघींनाही ते ऐकू येत होतं.

"कळलं वाटतं," आई म्हणाली.

"आई, मला माहीत नव्हतं गं. मी आवाज बंद करून—"

"थांब, आधी मला बोलू दे. बावीस मुद्दे आहेत. सोळा मान्य. पाच अमान्य, त्यावर आपण बोलू. आणि एक मला कळलाच नाही."

"तुला माहीत होतं मी तपासणार आहे?"

"इमरानच्या जाहिरातीत तुझं नाव होतं की. म्हणून तर पाठवला."

"मग मला घरात दाखवायचा ना!"

"घरात दाखवला असता तर काय म्हणाली असतीस?" आईनं चष्म्यावरून पाहिलं. "छान आहे आई, असं म्हणाली असतीस. मी केलेल्या स्वेटरला म्हणतेस, ढोकळ्याला म्हणतेस. मला छान नको होतं."

हे खरं होतं, आणि ते इतकं खरं होतं की निकिताला हसू आलं. या घरात छान म्हणायची पद्धत तिनंच आणली होती, मोठी झाल्यावर, मुद्दाम. कारण लहानपणी तिनं आईच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नव्हता. पहिलीत असताना तिनं घराचं चित्र काढलं होतं, कौलं, खिडक्या, मागे डोंगर, वर सूर्य. रात्री जेवणं झाल्यावर ते आईपुढे धरलं. आईनं ते दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याला दार कुठंय? आत कसं जायचं?" निकिता रडली. दुसऱ्या दिवशी दार काढलं. आई म्हणाली, "कडी?" त्याचा तिनं पुढे कितीतरी वर्षं राग धरला, कॉलेजात मैत्रिणींना ती गोष्ट सांगून हशा मिळवला, आणि नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत समोर एक चकचकीत गेम ठेवून यात काय चुकलंय सांगा असं त्या लोकांनी विचारलं तेव्हा तिला दोन मिनिटांत अकरा चुका दिसल्या होत्या. हे तिला कुठून आलं, याचा तिनं तेव्हाही विचार केला नव्हता. आता पलंगावर बसलेल्या, पेनाचं टोपण दातांत धरलेल्या त्या बाईकडे तिनं नव्यानं पाहिलं. ही माझ्याच धंद्यातली बाई आहे, तिला वाटलं. माझ्या आधीपासून.

"कुठला कळला नाही?" तिनं विचारलं, माहीत असून.

आईनं वाचलं. सपाट, स्वच्छ, भोंग्यात वाचावं तसं. "'खेळ बनवणाऱ्या व्यक्तीने आयुष्यात कधी बसस्टँडवर पाऊल ठेवलेलं दिसत नाही. यातले प्रवासी प्रवासीच वाटत नाहीत.'" मग वही मिटून मांडीवर ठेवली. "सत्तावीस वर्षं, निकिता. सत्तावीस वर्षं मी तिथं होते. आणि खेळणाऱ्याला असं वाटतंय. म्हणजे कुठंतरी मोठं चुकलंय माझं. काय चुकलंय ते सांग."

तिच्या स्वरात राग असता तर बरं झालं असतं. सॉरी म्हणता आलं असतं, मी जरा जास्तच लिहिलं म्हणता आलं असतं. पण आई खरंच विचारत होती. आणि निकिताला शरमेच्या जोडीला दुसरंही काहीतरी चढत होतं, कामात कधीमधी चढतं ते. एखाद्या खेळात नेमकी मेख सापडली की चढतं, ते. कारण मुद्दा खरा होता. चढ्या आवाजात लिहिला होता, पण खरा होता. मुका खेळ खेळताना तिला सारखं वाटत होतं की हे असं नसतं, हे असं नसतं. आणि ते कसं असतं हे तिला इतकं पक्कं कसं माहीत, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"तू कंट्रोलरूमच्या खिडकीच्या आत होतीस," ती एकदम म्हणाली. "तुला गाड्या माहीत आहेत. गाड्या बरोबर आहेत तुझ्या. पण माणसं तू वरून, लांबून पाहिलीस. मी बाकावर होते."

शाळा सुटली की साडेचारला ती चालत स्टँडवर यायची. बाबांची सातपूरच्या कारखान्यात दुसरी पाळी. घरी कोणी नसायचं. आईची ड्युटी साडेसातला सुटायची. तीन नंबरच्या फलाटाजवळ एका जाड खांबाच्या मागे सिमेंटचा बाक होता, तिथं बसायचं, हलायचं नाही, कोणी काही दिलं तर घ्यायचं नाही. तीन तास. पहिल्या वर्षी ती घाबरायची. दुसऱ्या वर्षी तिनं खेळ शोधून काढला: भोंग्यातून घोषणा झाली की आधी कोण उठेल ते ओळखायचं. आणि हे आता ती आईला भराभर सांगू लागली, उभी राहून, खोलीत इकडून तिकडे जात, हातवारे करत, चहा तसाच राहिला. "तुझ्या खेळात बटण दाबलं की सगळे उठून चालायला लागतात, एकदम, शाळेतल्या पोरांसारखे. असं कुणी उठत नाही आई! घोषणा झाली की माणूस आधी शेजारच्याकडे बघतो. काय म्हणाली हो? कळवण म्हणाली का? शेजाऱ्यालाही माहीत नसतं. मग एक बाई असते, एक तरी असतेच, ती पिशवी उचलते. ती उठली की तिच्या बाजूचे दोघं उठतात. मग सगळा बाक उठतो. ज्यांना दुसऱ्याच गावाला जायचंय तेही उठतात आणि चार पावलं जाऊन परत येतात. पोरगा खिडकीतून रुमाल टाकतो. म्हातारा कंडक्टरला विचारतो, मग ड्रायव्हरला, मग गाडीवरची पाटी वाचतो, तरी चढताना आतल्या माणसाला विचारतो, सटाण्याचीच ना? कुणाचाही कुणावर भरवसा नसतो. आणि तुझ्यावरही नसतो! तू एवढं स्वच्छ बोलायचीस आणि लोक शेंगदाणेवाल्याला विचारायचे, काय म्हणाली ती."

ती थांबली. धाप लागली होती. आई तिच्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं.

"हे सगळं बघत बसायचीस तू?"

"दुसरं काय करणार? तीन तास."

ते शब्द तिला अपेक्षेपेक्षा जड पडलेले ऐकू आले. मग आई म्हणाली, "मला वाटायचं तू गृहपाठ करतेस." आणि थोड्या वेळानं, "तो खांब मध्ये यायचा गं. खिडकीतून तू दिसायची नाहीस. तुझे बूट तेवढे दिसायचे. बूट हलले की मी पुढची घोषणा करायचे."

निकिता खुर्चीत बसली. त्या बाकावरून ती आवाजाकडे बघायची, भोंग्याच्या दिशेनं. आवाजालाही डोळे होते हे तिला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण आईनं तिला त्यात बुडू दिलं नाही. आईनं वहीचं कोरं पान काढलं होतं. "एक बाई उठते. मग बाजूचे दोघं," ती लिहीत म्हणाली. "हे करता येईल. प्रत्येकाला एक आकडा द्यायचा, तो किती लवकर विश्वास ठेवतो त्याचा. शेजारचा उठला की आकडा वाढवायचा. येईल की! माझ्याकडे ते ठोकळे आहेत." ज्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिनं हे बनवलं होतं त्यात सूचनांचे रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे असतात, आई त्यांच्याबद्दल अशी बोलत होती जशी इतर बायका मसाल्याच्या डब्याबद्दल बोलतात. निकितानं खुर्ची पलंगाला चिकटवली.

मग पाच अमान्य मुद्दे निघाले आणि दोघी भांडल्या. रंगांवरून भांडल्या. "खऱ्या पाट्या अशाच होत्या," आई म्हणाली. "असतील, पण मला वाचता येत नाहीत," निकिता म्हणाली. गाडी रोज पाच मिनिटं उशिरानंच का येते यावरून भांडल्या, त्यात आई जिंकली. आणि शेवटी पंधराव्या मुद्द्यावर आल्या: या खेळात हरता येत नाही.

"स्टँडवर कुठं हरता येतं?" आई म्हणाली. "चुकलं तर चुकलं. पुढची गाडी येतेच. हेच तर दाखवायचंय मला."

"मग तो खेळ नाही, आई. ती ड्युटी आहे. हरायची भीती नसेल तर मी दोन मिनिटांत उठून जाईन. कुणीही जाईल."

खालचा स्कूटरवाला नळ बंद करून गेला. "हरता येतं," ती म्हणाली. "एकदा हरले होते मी."

तू चौथीत असशील, ती म्हणाली. लग्नाचे दिवस, दुपारी दोनची सुरगाण्याची गाडी. ड्रायव्हरनं ती सहाला लावली आणि आईसमोरच्या कागदावर चार लिहिलेलं. आईनं मान वर करून पाहिलं नाही, कागद वाचला. भोंग्यात दोनदा वाचला. चौदा माणसं चारवर उभी राहिली आणि गाडी सहावरून निघून गेली. त्यांत चांगुणा नावाची एक बाई होती, पेठकडची, भाचीच्या साखरपुड्याला निघालेली, डोक्यावर लाडवांचा डबा. पुढची गाडी साडेपाचला. "ती खिडकीशी आली. म्हटलं, आता शिव्या देईल. तिनं काही म्हटलं नाही. नुसती बघून गेली. पण ती दर पंधरा दिवसांनी यायची गं स्टँडवर, आणि त्यानंतर मी काहीही पुकारलं तरी ती उठायची नाही. गाडी डोळ्यांनी दिसेपर्यंत बसून राहायची. माझ्यासमोर. तिच्याबरोबरच्या बायकाही उठायच्या नाहीत. मी बोलतेय, बोलतेय, आणि समोरची सहा-सात माणसं अशी बसलेली, जणू भोंगा बंद आहे. चार महिने. ती येऊन गेली की घरी मी भाकरी थापायचे आणि मनात म्हणायचे, पुढच्या वेळी उठेल."

"उठली?"

"बदली झाली माझी सहा महिन्यांसाठी. परत आले तेव्हा ती येत नव्हती."

निकिताला एकाच वेळी आईचा हात धरावासा वाटला आणि टेबलावर मूठ आपटावीशी वाटली, आणि तिनं दुसरं केलं. "हेच!" ती ओरडली. "आई, हेच हरणं! चुकीची घोषणा झाली की भरवसा कमी. उशिरा झाली की कमी. आधी एक जण उठेनासा होतो, मग त्याच्या बाजूचे. तू बटण दाबत राहायचं आणि समोर सगळे बसलेले. कुणीच उठत नाही. खेळ संपला." आईनं तिच्याकडे पाहिलं, डोळे एकदम चमकलेले, गालांवर रंग चढलेला, आणि अगदी हळू म्हणाली, "अगं, कसलं भयंकर आहे हे," आणि लिहून घ्यायला लागली.

पुढचे चार दिवस निकिताला नंतर सलग आठवेनात, फक्त तुकडे आठवत. इमरानला तिनं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की एकोणीस नंबर माझ्या आईचा आहे, माझे गुण धरू नकोस, तर तो "उज्वलाकाकू?" असं किंचाळला. सकाळी पोहे गॅसवर करपत होते आणि आई लॅपटॉपवर वाकलेली होती. ऑफिसची मीटिंग चालू असताना निकितानं माइक बंद करून टेबलाखालच्या फोनवर खेळ चालवला, आणि पंचेचाळीस गाड्यांपर्यंत पोचली. गुरुवारी विश्वासाचे ठोकळे उलटे जोडले गेले आणि सगळे चाळीस प्रवासी एकाच बाईच्या मागे लागून एकमेकांवर चढले, ढीग झाला, ढीग गाडीच्या टपावर गेला, आणि गाडी टपावर माणसांचा मनोरा घेऊन डुलत निघाली. दोघी हसून हसून पलंगावर आडव्या झाल्या. "हे असू दे," आई डोळे पुसत म्हणाली, "लग्नसराईत असंच असतं." निकितानं ते काढायला लावलं. बोलता बोलता मध्येच तिला वाटायचं की आपण याच बाईबरोबर या घरात इतकी वर्षं काय बोलत होतो? दूध, औषधं, स्थळं. तिला जराशी भीतीही वाटायची, हे रविवारी संपेल म्हणून. मग आई कुठूनतरी हाक मारायची, "अगं, तो म्हातारा ड्रायव्हरला विचारतच नाहीये बघ," आणि ती धावायची.

गंगापूर रोडवरच्या त्या हॉलमध्ये रविवारी अकरा वाजता सव्वीस टेबलं मांडलेली होती. पहिला तासभर एकोणीस नंबरपुढे कोणी आलं नाही. बाजूच्या टेबलावर ज्ञानेश नावाच्या एका मुलानं अंतराळयानांची लढाई मांडली होती, तिथं गर्दी, धमाके, शिट्ट्या. आई इस्त्रीच्या सुती साडीत ताठ बसून होती, हात मांडीवर, आणि कोणी जवळून गेलं की त्याच्याकडे बघून अर्धवट हसायची. निकिताला ते बघवेना. तपासणाऱ्यांपैकी शेखर नावाचा गृहस्थ आला, तीन मिनिटं खेळला, "कल्पना बरी आहे, चित्रं फार साधी आहेत," म्हणून पुढे गेला. आईनं ते वहीत लिहून घेतलं. "मान्य," ती म्हणाली. निकिता मात्र इमरानकडे जाऊन उगाच पाण्याच्या बाटल्या मोजत उभी राहिली.

परत आली तेव्हा आईच्या खुर्चीत कोणीतरी दुसरंच होतं. एक इंजिनियरिंगची मुलगी, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, त्यावर अरफा असं नाव. ज्ञानेशच्या टेबलाशी नंबर लागायला वेळ होता म्हणून ती टेकायला बसली होती आणि सहज बटण दाबलं होतं. तिसऱ्या मिनिटाला तिनं चुकीचा फलाट पुकारला. सहाव्या मिनिटाला बाकावरची एक बाई उठेनाशी झाली. "ए, उठ ना," अरफा स्क्रीनला म्हणाली. तिनं पुन्हा बटण दाबलं. बाजूचे दोघं बसले. "उठा ना यार! खरंच आलीये गाडी!" आठव्या मिनिटाला सगळा स्टँड तिच्याकडे तोंड करून शांत बसून राहिला होता, आणि ती पोरगी खुर्चीत मागे रेलून, दोन्ही हात डोक्यावर ठेवून म्हणाली, "या अल्लाह. माझं कुणी ऐकतच नाहीये." मग पुढे झुकली आणि कुणाला काही न विचारता पुन्हा सुरू केलं. तिच्या मैत्रिणी आल्या. त्यांच्या मागे आणखी कोणी आलं. एक जण थांबला की त्याच्या शेजारचे दोघं थांबतात हे निकिता डोळ्यांनी बघत होती. यानांची लढाई सोडून ज्ञानेशही आला. चौथ्या फेरीला गर्दी एवढी झाली की आई बाजूला, मग मागे, मग पार मागे ढकलली गेली, हातातली वही छातीशी धरून, कोणाच्या तरी पाठीवरच्या सॅकला नाक लागलेलं.

"चारला नको लावूस, सहाला लाव, सहाला!" आई मागून म्हणाली. "चारची अजून निघायची आहे!"

अरफानं मान न वळवता एक हात मागे केला. "काकू, प्लीज. मला माझं खेळू द्या ना."

गर्दीतले दोघं-तिघं हसले. निकिता पुढे सरसावली. अगं, या काकूंनीच, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं आईचा चेहरा पाहिला आणि ती थांबली. आईनं एक हात तोंडावर दाबून धरला होता आणि हाताच्या वर तिचे डोळे हसत होते, लहान मुलीसारखे, अनावर. ती चवड्यांवर उभी राहिली. तरी दिसेना. मग तिनं पुढच्या उंच मुलाच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं.

"जरा सरकतोस का बाळा," ती म्हणाली, "मलाही बघायचंय."